भंडारा जिल्ह्यातील श्रम आणि सांध्यांची झीज : एका अनोंदित व्याधीच्या इतिहासाची साधने

एखाद्या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासात रोगांना जे स्थान मिळते ते बहुधा साथीच्या रोगांनाच मिळते. पटकी, देवी, प्लेग आणि १९१८ चा इन्फ्ल्युएन्झा यांनी गावेच्या गावे ओस पाडली. त्यामुळे त्यांची दखल शासनाने घेतली, आणि शासनाने घेतली म्हणून पुढे इतिहासकारांनीही घेतली. परंतु माणसाला न मारता त्याची काम करण्याची शक्ती हळूहळू हिरावून घेणारे जे रोग आहेत, त्यांचा इतिहास अद्याप फारसा लिहिला गेलेला नाही. सांध्यांची झीज, म्हणजे वैद्यकात ज्यास अस्थिसंधिशोथ अथवा ऑस्टिओआर्थ्रायटिस असे म्हणतात तो विकार, या वर्गातील प्रमुख होय. भंडारा हा धानाचा, तलावांचा, मँगनीजच्या खाणींचा, विड्यांचा व कोशाच्या वस्त्रांचा जिल्हा. यांपैकी प्रत्येक व्यवसाय शरीराला एका ठरावीक स्थितीत तासन्‌तास ठेवतो. म्हणून या व्याधीच्या इतिहासाचा प्रश्न या जिल्ह्याच्या संदर्भात विचारणे उचित ठरते. तो विचारण्यासाठी कोणती साधने उपलब्ध आहेत आणि त्यांवरून किती निष्कर्ष काढता येतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नोंदींचे मौन

नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली आणि भंडारा जिल्हा त्यात समाविष्ट झाला. तेव्हापासून या जिल्ह्यासंबंधी सरकारी कागदपत्रांची कमतरता नाही. जमाबंदीचे अहवाल, दर दहा वर्षांची खानेसुमारी, आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले १९०८ चे जिल्हा गॅझेटियर ही साधने सर्वपरिचित आहेत. परंतु ही साधने ज्या प्रयोजनासाठी तयार झाली ते प्रयोजन ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्याकडून रोगाविषयी उत्तर मागणे व्यर्थ होय.

ब्रिटिश अमदानीत मृत्यूची नोंद गावच्या कोतवालाने दिलेल्या माहितीवरून होत असे आणि ती ठरावीक सदरांखाली मांडली जाई : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे रोग, इजा आणि शेवटी ‘इतर कारणे’. ज्या व्याधीने मृत्यू येत नाही तिला या कोष्टकात जागा असणे शक्यच नव्हते. गुडघे धरलेला शेतमजूर अखेरीस तापाने मेला तर तो तापाच्या सदरात जाई. त्यापूर्वीची दहा वर्षे त्याला बांधीत उतरता आले नव्हते, ही गोष्ट कोठेही लिहिली जात नसे.

खानेसुमारीची स्थिती याहून वेगळी नाही. १८८१ पासून १९३१ पर्यंत खानेसुमारीत व्यंगे नोंदविली जात. परंतु ती चारच होती : वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि महारोग. चालता न येणे हे त्यांत नव्हते. तेव्हा या व्याधीविषयी नोंदी मौन धारण करतात, याचा अर्थ व्याधी नव्हती असा होत नाही. नोंदीची चौकटच तिला वगळणारी होती, एवढाच अर्थ त्यातून निघतो.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. हा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता, नंतर मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १ मे १९९९ रोजी त्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीचे ‘भंडारा जिल्हा’ या नावाखालील आकडे आजच्या सात तालुक्यांचे नव्हेत. त्यांत गोंदिया, तिरोडा, आमगाव या भागांचाही समावेश असे. जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करताना याचे विस्मरण होता कामा नये.

२. व्याधीला मिळालेली नावे

सरकारी नोंदीत जागा नसली तरी भारतीय वैद्यकात या व्याधीला फार प्राचीन काळापासून नाव आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात संधिगत वाताचे वर्णन येते. सांध्याची सूज हाताला हवेने भरलेल्या कातडी पिशवीसारखी लागते आणि सांधा आखडताना व पसरताना वेदना होतात, असा त्याचा आशय आहे. सुश्रुताने निदानस्थानात वाताने सांध्यांचा नाश होतो असे म्हटले असून, गुडघ्याच्या एका मोठ्या व अतिवेदनायुक्त सुजेला कोल्ह्याच्या डोक्याची उपमा देऊन क्रोष्टुकशीर्ष असे नाव दिले आहे. पुढे माधवकराच्या माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आले. अनेक सांधे एकाच वेळी सुजविणारा, ताप व अग्निमांद्य यांसह येणारा आमवात आणि एखादा सांधा क्रमाने निकामी करणारा संधिगत वात या दोहोंत भेद आहे, ही जाणीव या परंपरेत स्पष्ट दिसते. बोलभाषेत मात्र हा भेद टिकला नाही. ‘वात’ अथवा ‘संधिवात’ या एका शब्दाने सांध्यांची सर्व दुखणी ओळखली जाऊ लागली, आणि ‘गुडघे धरले’, ‘कंबर धरली’ या शब्दप्रयोगांनी रोगाऐवजी त्याचा परिणाम सांगितला जाऊ लागला.

युरोपातही हा भेद सहजासहजी प्रस्थापित झाला नाही. १७४३ मध्ये विल्यम हंटर याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवरील आपला निबंध मांडला आणि नष्ट झालेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही हे वैद्यांच्या दीर्घ अनुभवाचे मत नमूद केले. विल्यम हेबर्डन याच्या १८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बोटांच्या टोकाकडील सांध्यांवर येणाऱ्या कठीण गाठींचे वर्णन असून, त्यांचा गाउट या रोगाशी संबंध नाही असे त्याने सांगितले. १८५९ मध्ये आल्फ्रेड गॅरड याने आमवातसदृश विकारास ‘र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिले. परंतु नावांचा घोळ तेवढ्याने मिटला नाही. बाथ येथील जॉन केंट स्पेंडर यांच्या १८८९ च्या ग्रंथात ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ हे नाव त्याच आमवातसदृश विकारासाठी योजलेले आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागल्यानंतर जिवंत माणसाचा सांधा पाहता येऊ लागला. १९०४ मध्ये बॉस्टनच्या जोएल गोल्डथ्वेट यांनी हाड क्षीण करणारा आणि हाड वाढविणारा असे संधिविकाराचे दोन प्रकार वेगळे दाखविले, आणि १९०७ मध्ये आल्फ्रेड गॅरड यांचे पुत्र आर्चिबाल्ड गॅरड यांनी दोन्ही रोगांची नावे व लक्षणे निश्चितपणे विभक्त केली.

येथवरचा इतिहास रोग्याच्या शय्येपाशी घडला. रोग किती लोकांत आहे हे मोजण्यासाठी सर्वत्र एकच मापनपद्धती असणे आवश्यक होते. ती १९५७ मध्ये इंग्लंडमधील केल्ग्रेन व लॉरेन्स यांनी दिली. क्ष-किरण चित्रातील अस्थिकंटक, सांध्यातील अंतराचा संकोच आणि हाडाच्या टोकांतील बदल यांवरून शून्य ते चार अशा पाच पायऱ्या त्यांनी ठरविल्या, आणि १९६१ च्या रोम येथील परिषदेत ती पद्धती मान्य झाली. निरनिराळ्या देशांतील व व्यवसायांतील माणसांची तुलना त्यामुळे शक्य झाली. व्याधीच्या सामाजिक इतिहासाचा खरा आरंभ येथे होतो असे म्हणावयास हरकत नाही.

३. सांध्यात काय घडते

इतिहासाच्या अभ्यासकाला या रोगाची प्रक्रिया स्थूलमानाने तरी ठाऊक असणे अवश्य आहे. कारण रोगाविषयीची कल्पना बदलली की त्याच्या जबाबदारीविषयीची कल्पनाही बदलते.

दोन हाडांची टोके जेथे एकत्र येतात तेथे त्यांवर कूर्चेचे गुळगुळीत आच्छादन असते. तिच्या घटकांत सुमारे सत्तर टक्के वा त्याहून अधिक पाणी असते. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजनचे तंतू व पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू यांचा बनलेला असतो. भार आला की पाणी बाजूला सरते, भार गेला की परत येते; भार सोसण्याची शक्ती या क्रियेत आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती फार मंद गतीने व अपुरी भरून येते. मज्जातंतू नसल्यामुळे तिची हानी होऊ लागली तरी आरंभी वेदना होत नाही. रोगाचा बराच प्रवास रोग्याच्या नकळत होतो, त्याचे हे एक कारण आहे.

कूर्चा विरळ होऊ लागली की तिच्याखालील हाड कठीण व दाट होते, कडांना अस्थिकंटक फुटतात, सांध्याचे अस्तर सुजते, स्नायू दुर्बल होतात आणि क्रमाने सांध्याचा आकारच बदलतो. गुडघ्याच्या आतील बाजूची कूर्चा अधिक गेली की पाय धनुष्याकृती वाकतात. सकाळी उठल्यावर थोडा वेळ सांधा आखडलेला राहतो, चालण्याने व भाराने वेदना वाढतात आणि विश्रांतीने कमी होतात. क्ष-किरण चित्रातील बदल आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण मात्र सारखे नसते. चित्रात बराच बदल असूनही वेदना नसलेली माणसे असतात आणि उलटही घडते.

पूर्वी या सर्वांस वार्धक्यामुळे होणारी यांत्रिक झीज समजत असत. चाकाचा आस झिजावा तसा सांधा झिजतो, ही उपमा सोपी असली तरी अपुरी आहे. सांधा जिवंत असून आलेल्या भाराला त्यातील पेशी प्रतिसाद देतात. कूर्चा, हाड, अस्तर, अस्थिबंध व स्नायू या सर्वांचा मिळून हा रोग होतो, असे आज मानले जाते. त्याची कारणेही अनेक आहेत : वय, स्त्रीत्व, देहाचा अतिरिक्त भार, पूर्वीची इजा, आनुवंशिकता आणि व्यवसाय. जुळ्या स्त्रियांच्या १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हात व गुडघे यांच्या विकारातील आनुवंशिकतेचा वाटा ३९ ते ६५ टक्के आढळला. तेव्हा कोणत्याही एका कारणाकडे बोट दाखवून मोकळे होणे शास्त्रसंमत नाही. पण अनेक कारणांपैकी व्यवसाय हे एकच असे आहे की जे समाजाने निर्माण केलेले असते व समाजाला बदलता येते.

४. व्यवसायाची साक्ष

व्यवसाय व सांधे यांच्या संबंधाचा पहिला भक्कम पुरावा खाणीतून आला. १९५२ मध्ये केल्ग्रेन व लॉरेन्स यांनी लँकेशायरमधील कोळसा खाणकामगार, इतर श्रमिक आणि कचेरीतील नोकर यांची समान वयोगटात तुलना केली. खाणकामगारांच्या गुडघ्यांत व कमरेच्या मणक्यांत झिजेचे प्रमाण अधिक आढळले. बुटक्या बोगद्यात गुडघ्यांवर बसून वा वाकून काम करण्याची त्यांची रीत होती.

१९७८ मध्ये हॅडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील लोकरी कापडाच्या गिरणीतील स्त्री-कामगारांचे हात तपासले. वर्षानुवर्षे एकच काम करणाऱ्या या स्त्रियांच्या हातांतील बदल कामाच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या सांध्यांत दिसले. चिमटीने सूक्ष्म काम करणाऱ्यांची बोटे एका प्रकारे आणि मनगट वळविण्याचे काम करणाऱ्यांचे हात दुसऱ्या प्रकारे बदलले होते. एकाच गिरणीत, एकाच वर्गात, कामाप्रमाणे सांधा बदलतो ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या गावच्या दीर्घकालीन अभ्यासातून असे दिसले की गुडघे वाकवून व अंगमेहनतीने काम करणाऱ्या पुरुषांत गुडघ्याच्या विकाराची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट होती. स्त्रियांच्या बाबतीत असा संबंध तेथे सिद्ध झाला नाही. त्या पिढीतील तेथील स्त्रियांत अंगमेहनतीची नोकरी करणाऱ्या थोड्याच होत्या, हे लक्षात घेता त्या निष्कर्षावरून धानाच्या शेतातील स्त्रीविषयी काहीच अनुमान काढता येत नाही. याउलट २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीजिंगच्या अभ्यासात साठीपुढील चिनी स्त्रियांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रियांच्या गुडघ्यांत क्ष-किरण चित्रात विकार आढळला. हे प्रमाण फ्रेमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षा अधिक होते. तारुण्यात रोज बराच वेळ उकिडवे बसण्याची सवय व गुडघ्याचा विकार यांचा संबंध २००४ मध्ये त्याच अभ्यासातून दाखविण्यात आला. मात्र खुब्याच्या सांध्याची झीज चिनी लोकांत अमेरिकेतील गोऱ्या लोकांपेक्षा कितीतरी कमी आढळली. म्हणजे ‘सांधेदुखी’ असा एकच प्रश्न विचारणे पुरेसे नाही. कोणता सांधा, कोणती स्थिती आणि किती वर्षे, असे तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

५. भंडाऱ्यातील कामे आणि शरीराच्या स्थिती

हे तीन प्रश्न घेऊन भंडारा जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाकडे पाहिले असता जुनी साधने नव्या अर्थाने वाचता येतात.

जिल्ह्यातील तलावांची परंपरा कोहळी समाजाशी निगडित आहे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात तलाव बांधणारे व ऊस पिकविणारे म्हणून त्यांचा उल्लेख आहे. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली, तरी ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव हे नाव अद्याप चालू आहे. तलावाची पाळ म्हणजे माती खोदून, टोपलीत भरून, डोक्यावरून वाहून नेऊन रचलेला बांध होय. आज या तलावांचे वर्णन अभियांत्रिकीच्या व ग्रामव्यवस्थेच्या दृष्टीने केले जाते; ज्या गुडघ्यांनी व मणक्यांनी ती माती वाहिली त्यांचा विचार त्यात येत नाही. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर देहभाराच्या सुमारे अडीचपट व जिना उतरताना सुमारे साडेतीनपट बल येते, असे कृत्रिम सांध्यात बसविलेल्या मापकयंत्रांवरून दिसून आले आहे. डोक्यावरचा भार त्यात मिळवावयाचा आणि उतरण पाळेची धरावयाची, म्हणजे या श्रमाचे स्वरूप ध्यानात येते. पाश्चात्त्य देशांत देहाची स्थूलता हे गुडघ्याच्या विकाराचे प्रमुख कारण मानले जाते; कृश मजुराच्या बाबतीत डोक्यावरच्या भाराने त्याची जागा काही अंशी घेतली असावी, हे अनुमान तपासण्याजोगे आहे.

धानाची लागवड जिल्ह्यात आवत्या आणि रोवणा अशा दोन पद्धतींनी होते. आवत्यात बी थेट फेकून पेरतात. रोवण्यात पऱ्हे उपटून, चिखल केलेल्या बांधीत ओळीने लावतात. हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे आहे. येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. रोवणीच्या वेळी स्त्री उकिडवी बसत नाही. ती कमरेत वाकून, घोटाभर चिखलात मागे मागे सरकत असते. या स्थितीत मुख्य ताण कमरेच्या मणक्यांवर येतो. गुडघ्यांवर चिखलातून पाय ओढण्याचा ताण येतो. पऱ्हे उपटणे, निंदण आणि विळ्याने कापणी यांत मात्र वाकण्याबरोबर उकिडवे बसणेही असते. त्यात घरातील चूल, सारवण व जाते यांची बसण्याची स्थिती मिळवली, तर एका स्त्रीच्या वर्षभरातील उकिडवे बसण्याचे तास शेतातल्यापेक्षा घरात अधिक भरत असतील हेही संभवते. श्रमाच्या इतिहासात घरकाम वगळून चालत नाही, याचा हा एक शारीरिक पुरावा होय.

तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून मँगनीज काढले जात आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मँगनीज ओअर इंडिया लिमिटेडकडे या खाणी पुढे आल्या. चिखला येथे भूमिगत तर डोंगरी बुजुर्ग येथे उघडी खाण आहे. लँकेशायरच्या कामगारांविषयी जो प्रश्न विचारला गेला तो येथेही विचारता येण्यासारखा आहे. खोदणारा, फोडणारा, वाहणारा आणि निवडणारा यांची कामे भिन्न असल्यामुळे तुलनेची सोय एकाच खाणीत आहे.

विडी-उद्योग व कोशाचे विणकाम यांची स्थिती आणखी निराळी आहे. विडी वळणारी स्त्री मांडी घालून बसते व अंगठा आणि पहिली दोन बोटे यांनी दिवसभरात शेकडो वेळा तीच क्रिया करते. मोहाडी तालुक्यातील आंधळगावसारख्या गावांतील कोशाच्या विणकरांचे हात व पाय मागाच्या लयीत चालतात. व्हर्जिनियाच्या गिरणीतील हातांचा पुरावा येथे मार्गदर्शक ठरतो : विडी वळणाऱ्या व धान रोवणाऱ्या, एकाच गावच्या व एकाच वयाच्या स्त्रियांच्या हातांची तुलना केल्यास व्यवसायाचा वाटा आनुवंशिकतेपासून पुष्कळ अंशी वेगळा करता येईल.

६. दुसरे एक कारण

या जिल्ह्यात सांध्यांच्या सर्व विकारांना श्रमाचे फळ मानणे चुकीचे ठरेल. १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल विकाराविषयीचा आपला शोध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि पूर्व विदर्भातील अनेक समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार असल्याचे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. या विकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या अडवितात. मांडीच्या हाडाच्या डोक्याला होणारा रक्तपुरवठा तुटला की ते हाड मृत होते, खचते, आणि त्यावरील कूर्चा नष्ट होऊन ऐन तारुण्यात खुब्याचा अस्थिसंधिशोथ जडतो.

हा भेद इतिहासाच्या अभ्यासकालाही उपयोगी आहे. आशियाई लोकांत खुब्याची प्राथमिक झीज विरळ असल्याचे वर सांगितले. तेव्हा या भागात वीस-तीस वर्षांच्या व्यक्तीचा खुबा निकामी झाल्याची आठवण एखाद्या कुटुंबात सांगितली गेली, तर ती श्रमाची नसून रक्तविकाराची साक्ष असण्याचा विचार प्रथम केला पाहिजे. वृद्ध स्त्रीच्या वाकलेल्या गुडघ्यांची साक्ष निराळी. ‘वात’ या एका शब्दाखाली दडलेल्या या दोन भिन्न कहाण्या मौखिक साधने गोळा करताना वेगळ्या कराव्या लागतील.

७. मोजणी आणि जबाबदारी

महाराष्ट्रातील ग्रामीण भागात संधिविकारांची पद्धतशीर मोजणी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या पद्धतीनुसार सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडे यांचे दुखणे होते. सुमारे सहा टक्क्यांना झिजेचा संधिविकार होता, तर आमवातसदृश विकार सुमारे अर्धा टक्का होता. म्हणजे ज्या रोगाची औषधे महाग व चर्चा अधिक, त्याच्या सुमारे दहापट माणसे झिजेच्या विकाराने पीडित होती. परंतु भिगवण हे भीमेच्या खोऱ्यातील गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या मुलखास ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

आकड्यांचा प्रश्न हा केवळ विद्वानांचा नाही. जर्मनीत २००९ पासून, कामाच्या आयुष्यात एकूण किमान १३,००० तास गुडघ्यांवर वा तत्सम स्थितीत काम केलेल्या व्यक्तीच्या गुडघ्याच्या विकारास व्यावसायिक रोग म्हणून मान्यता आहे. त्याच वर्षी ब्रिटनने भूमिगत कोळसा खाणकामगारांच्या गुडघ्याच्या विकारास असे स्थान दिले. लँकेशायरच्या पाहणीनंतर त्यास सत्तावन्न वर्षे लागली. भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मँगनीजमुळे होणाऱ्या रोगांना पुढे स्थान मिळाले, परंतु गुडघ्याच्या झिजेला मिळाले नाही. त्या कायद्याच्या दृष्टीने चिखल्याच्या खाणीतील धुळीने मेंदूस होणारी इजा हा धंद्याचा रोग होता आणि त्याच खाणीत झिजलेला गुडघा हे म्हातारपण होते. धान रोवणाऱ्या स्त्रीची अडचण तर याहून मूलगामी आहे. तिने चाळीस हंगामांत चाळीस मालकांच्या बांधीत काम केलेले असते. तिच्या गुडघ्याचे किंवा कमरेचे दायित्व यांपैकी कोणावर, हा प्रश्न कोणत्याही परिशिष्टाने सुटणारा नाही. तो सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेनेच उचलावा लागेल.

उपचाराच्या बाजूनेही असाच प्रश्न उभा राहतो. झिजलेल्या गुडघ्याच्या बाबतीत मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, शक्य तेथे वजन कमी करणे, काठीचा आधार व वेदनाशामके हे प्राथमिक उपाय होत. सांधा पूर्ण निकामी झाल्यास कृत्रिम सांध्याची शस्त्रक्रिया करतात. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्याची जी पद्धती सिद्ध केली तिच्यापासून या शस्त्रक्रियेचे आधुनिक युग सुरू झाले. भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली; सर्वाधिक वापरातील प्रकारासाठी ती ५४,७२० रुपये अधिक कर अशी होती. परंतु शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसणे व मांडी घालून बसणे बहुधा टाळावे लागते. ज्या स्त्रीचे शेतकाम, घरकाम व शौचविधी याच स्थितीत होतात, तिला नवा सांधा मिळूनही जुने जीवन परत मिळत नाही. उपचाराबरोबर कामाची साधने व घराची रचना बदलणे म्हणूनच अवश्य ठरते.

उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, भंडारा जिल्ह्याच्या सरकारी साधनांतील या व्याधीविषयीचे मौन हे नोंदपद्धतीचे फलित आहे. त्यावरून व्याधीच्या अभावाचा निष्कर्ष काढता येत नाही. दुसरी, व्याधीचा इतिहास कामाच्या इतिहासातून वाचता येतो. मात्र त्यासाठी ‘कष्ट’ हा मोघम शब्द सोडून प्रत्येक कामातील शरीराची स्थिती, तास व वर्षे यांची नोंद केली पाहिजे. तिसरी, सिकलसेलसारखी कारणे वेगळी न काढल्यास श्रमावर भलताच दोष येईल आणि रक्तविकाराचे रुग्ण उपचाराविना राहतील.

धानाच्या रोवणीसाठी यंत्रे आता येऊ लागली आहेत आणि विडीचा धंदाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. ज्यांनी पऱ्हे हातांनी रोवले, पाळेवर माती वाहिली, विड्या वळल्या, त्या पिढीची माणसे आज हयात आहेत. त्यांचे सांधे आणि त्यांच्या आठवणी ही दोन्ही साधने एकाच वेळी उपलब्ध असण्याचा काळ फार उरलेला नाही. क्ष-किरण चित्र आणि जीवनवृत्त ही एकाच व्यक्तीची, शेजारी शेजारी ठेवून तपासण्याचे काम इतिहास व वैद्यक या दोन विभागांनी मिळून करावयाचे आहे. ते झाल्यास कोतवालाच्या नोंदवहीत ज्यांना सदर मिळाले नाही, त्यांना इतिहासात तरी जागा मिळेल, आणि गुडघ्याची झीज हे निव्वळ वार्धक्य की त्यात कामाचाही हिस्सा आहे, हा प्रश्न या जिल्ह्यापुरता तरी पुराव्यानिशी सोडविता येईल.